लाइन जाळणारा जावई

"लाइन" या एका इंग्रजी शब्दापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं, हे आमच्या घरातल्या लहानथोरांना ठाऊक आहे. ठाऊक नसलेला एखादा पाहुणा आला की मुलंच त्याला माझ्यासमोर आणून बसवतात, आणि माझी बायको चुलीवर काहीतरी लागलंय अशा लगबगीनं आत जाते. चुलीवर काही नसतं. ती आतून ऐकते आणि चुका काढते. "कोट पांढरा होता, पिवळट नाई," असं काहीतरी मधेच ऐकू येतं आणि माझी गोष्ट घसरते. म्हणून आज लिहून काढतो आहे. कागदावर तिला मधे बोलता येणार नाही.

शाळेत मास्तरांनी लाइन म्हणजे रेघ असं शिकवलं होतं. पट्टी ठेवायची, पेन्सिल ओढायची, झाली लाइन. मॅट्रिक होईपर्यंत मी त्या रेघेवर भरवसा ठेवून होतो. मग जंगलखात्यात फॉरेस्ट गार्ड म्हणून चिकटलो आणि लवकरच कळलं की मास्तरांचं इंग्रजी जंगलाच्या नाक्यापर्यंतच चालतं. नाक्याच्या आत शिरताना प्रत्येक इंग्रजी शब्दाला आपलं अर्धंअधिक सामान बाहेर ठेवून यावं लागतं. शाळेत बीट म्हणजे मारणं होतं; इथं बीट म्हणजे माझ्या राखणीतला जंगलाचा तुकडा. शाळेत पास म्हणजे परीक्षा तरलो. इथं पास म्हणजे लाकडाची गाडी नाक्यातून सोडायचा कागद. नवा होतो तेव्हा एका गाडीवाल्याला मी ऐटीत म्हटलं, "मी मॅट्रिक पास आहे." तो हात जोडून म्हणाला, "मंग गाडी सोडा ना जी. पास तं तुमच्यापाशीच हाये."

आणि लाइन म्हणजे काय, तर सागाच्या दोन तुकड्यांच्या मधून मोकळी सोडलेली रुंद पट्टी. पावसाळ्यात तिच्यावर छातीएवढं गवत माजतं. थंडीत ते कापायचं, वाळू द्यायचं आणि होळीच्या आधी, वारा पडलेला बघून, आपल्याच हातानं पेटवून द्यायचं. पट्टी एकदा जळून काळी झाली की उन्हाळ्यातला वणवा तिच्यापाशी येतो, खायला काही मिळत नाही म्हणून तिथंच बसतो आणि पलीकडचा साग वाचतो. सरकारी कागदात तिला जाळरेषा असं नाव होतं. ते कागदातच राहिलं. आम्ही सगळे, रेंजरसाहेबांपासून गवत कापणाऱ्या बायांपर्यंत, लाइनच म्हणत असू. लाइन कापली का, लाइन जाळली का. गार्डाची सगळी अब्रू त्या लाइनीवर. एका हंगामात माझ्या लाइनीच्या बाहेर एक पानही जळलं नाही आणि रेंजरसाहेबांनी मजुरांच्या देखत मला शाबास म्हटलं. माझ्या आयुष्यातलं तोवरचं ते एकुलतं एक शाबास. मी ते जपून ठेवलं होतं आणि योग्य ठिकाणी काढायची वाट बघत होतो.

माझ्या लग्नाचं मनावर घेतलं ते माझ्या मामांनी. मामा चांद्याला राहत. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. त्यांचा धंदा कापडाचा; आज राजुरा, उद्या बल्लारशा, असे आठवडी बाजार करत हिंडायचे. मामांच्याही तोंडी लाइन हा शब्द होता, पण त्यांच्या लेखी लाइन म्हणजे धंदा. "तो किराण्याच्या लाइनीत हाये, आपली लाइन कापडाची." मी जंगलाच्या लाइनीत गेलो याचं त्यांना थोडं वाईट वाटायचं, कारण त्या लाइनीत उधारीवर लुगडी खपत नाहीत.

बल्लारशाच्या बाजारात त्यांच्याकडे नेहमी कापड घेणारे एक गृहस्थ होते. मालगाडीचे गार्ड. थोरली मुलगी लग्नाची. मामांनी कापड फाडता फाडता विषय काढला, "माह्या बहिणीचा पोरगा हाये. सरकारी नोकरी. गार्ड."

"गार्ड?" ते गृहस्थ एकदम खुलले म्हणे. "मंग आपलाच माणूस! या घेऊन."

मामा मला सांगायला आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "गार्ड म्हटल्याबरोबर माणूस पाघळला ना बापा! बाकी काईच विचारलं नाई. तुह्या खात्याले एवढा मान हाये हे मलेच मालूम नव्हतं."

मलाही नव्हतं. कसला गार्ड, हे ना त्यांनी विचारलं, ना मामांनी सांगितलं. विचारायचं कारणच नव्हतं. बल्लारशाच्या रेल्वे चाळीत गार्ड या शब्दात एकाच माणसाला जागा होती, पांढऱ्या कपड्यात गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा असतो त्याला. आमच्या जंगलातही त्यात एकच माणूस मावत असे, खाकी कपडे आणि खांद्यावर कुऱ्हाड. दोघांनाही वाटे की जगातला गार्ड तो हाच.

त्यात कोटानं घोळ घातला. मामांचे एक जुने दोस्त चांद्याला शिंपी होते. मुसलमान, मामांहून मोठे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. मामांनी त्यांना सांगितलं, पोरगा गार्ड आहे, मुलगी बघायला जायचंय, कपडे चांगले पाहिजेत. चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, गार्ड है तो गार्ड लगना चाहिए." त्यांच्याकडे रेल्वेवाल्यांचे कपडे शिवायला येत. त्यांनी मापं घेतली आणि मला पांढरी पँट, पांढरा कोट आणि कोटाला पितळी गुंड्या करून दिल्या. आरशात मी स्वतःला ओळखलं नाही. मला वाटलं, चांगल्या कपड्यांत माणूस असाच परका दिसत असावा.

तर असा मी, पितळी गुंड्या लावून, मामांच्या मागे बल्लारशाच्या रेल्वे क्वार्टरात शिरलो. गृहस्थांनी दारातच माझा कोट पाहिला आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. उंच, सडपातळ, मिशा कात्रीनं रेघेत कापलेल्या. बाजेवर सतरंजी, समोर पोह्यांच्या बशा. मुलगी अजून बाहेर आली नव्हती. आतल्या दाराच्या पडद्याखाली फक्त दोन पायांची बोटं दिसत होती आणि ती अधूनमधून हलत होती.

"तं कोण्या लाइनीवर हाये तुमी?" त्यांनी विचारलं.

मला भरून आलं. आजवर ज्यांनी ज्यांनी मला पाहिलं त्यांनी पगार विचारला, जमीन विचारली. लाइनीबद्दल विचारणारा हा पहिलाच मनुष्य भेटला होता.

"माह्याकडे दोन लाइनी हायेत जी."

"एका गार्डाकडे दोन?" ते मामांकडे वळले. "छोट्या लाइनीवर असन. तिथी माणसं कमी ठेवतेत." चांदा फोर्टावरून सुटणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीला रेल्वेवाले छोटी लाइन म्हणत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या लाइनी इतरांपेक्षा छोट्या होत्या हे मात्र खरं होतं, आणि ते यांना कसं कळलं याचं मला नवल वाटलं.

"माणसं कमी, मेहनत जास्त!" मामा म्हणाले.

"चढबिढ हाये का?"

"थोडा हाये. एका जागी नाला आडवा येते."

"पूल कसा हाये?"

"पूल नाई जी. पाण्यातूनच जातो."

त्यांनी बशी खाली ठेवली. "पाण्यातून! अन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात लाइन बंदच असते. गवत माजते ना छातीएवढं."

"पाहा," ते मामांना म्हणाले, "छोट्या लाइनीचे हाल पाहा. गवत माजते म्हणते. अन् मंग तुमी कापत नाई ते?"

माझं शाबास बाहेर काढायची हीच वेळ, असं मला वाटलं. मी पुढे सरकून बसलो. "कापतो ना जी. थंडीत कापतो, वाळवतो, अन् होळीच्या आधी लाइन जाळून टाकतो."

पडद्याखालची बोटं हलायची थांबली.

"काय जाळता?"

"लाइन."

"पूर्ण?"

"पूर्ण जी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धी ठेवली तं काई उपयोग नाई."

गृहस्थ मामांकडे पाहू लागले. मामांना वाटलं, मी मुलखाचा लाजाळू, स्वतःची तारीफ मला जमत नाही, आता आपणच उडी घेतली पाहिजे. "भाऊ, बाकीच्या पोट्ट्यांच्या लाइनी अर्ध्यामुर्ध्या राहतेत. यानं सगळ्यात पहिले जाळली. साहेबानं चारचौघांत शाबासकी देल्ली!"

"साहेबानं? शाबासकी देल्ली?"

त्यांचा आवाज चढलेला पाहून मला वाटलं, यांना आमचं काम बेजबाबदार वाटतंय. ते तसं नाही हे पटवून द्यायला हवं. मी म्हणालो, "मनात आलं म्हून नाई जाळत जी. पहिले लाइन क्लिअर करतो. लाइन क्लिअर झाली, का मंगच आग लावतो."

आता हे लाइन क्लिअर काय प्रकरण आहे ते मला पुढे सासुरवाडीत पुष्कळ ऐकायला मिळालं. पुढचा रूळ मोकळा आहे, गाडी येऊ द्या, असा स्टेशनमास्तरनं स्टेशनमास्तरला दिलेला शब्द म्हणजे लाइन क्लिअर. तो मिळाल्याशिवाय राजाची गाडीसुद्धा हलत नाही. त्या घरात गीतेच्या खालोखाल त्या दोन शब्दांना मान होता. आणि मी पोहे खात खात सांगत होतो की तो शब्द घेऊन मी आग लावतो.

ते उभे राहिले. "अन् गाडी? गाडीचं काय होते?"

मला बैलगाडी दिसली. "गाड्या आधीच काढून घेतो जी. एखादी राहिलीच तं जळते. मंग काय करता!"

त्यानंतर जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. "एक नट सैल दिसला तं मले जेवण गोड लागत नाई," ते मामांना म्हणत होते, आणि मिशीची रेघ थरथरत होती. "अन् हा माणूस माह्या घरी, माह्या बाजेवर बसून, माह्या पोह्याची बशी हातात धरून सांगते का मी लाइन जाळतो! भाऊ, पोरगा बेवडा असता तं मी इचार केला असता. उठा."

"पण काऊन जी?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मलाही नाही.

"काऊन म्हणते!" एवढंच ते बोलले आणि दार उघडून धरलं.

चांद्याची गाडी यायला अवकाश होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर जाऊन बसलो. मामा रुळांकडे बघत म्हणाले, "तुह्या तोंडाची लाइनच खराब हाये." मी माझ्या गुंड्यांकडे पाहत होतो. मला त्या मुलीचा चेहराही दिसला नव्हता, फक्त बोटं. तरी काहीतरी हातातून गेलं असं फार वाटत होतं. बोटं मजेदार होती हो.

तेवढ्यात फलाटाच्या टोकाकडून दोन बायका लगबगीनं येताना दिसल्या. पुढे डोक्यावरून पदर घेतलेली मध्यमवयाची बाई, हातात फडक्यात बांधलेला डबा. मागे एक मुलगी. आधी मी पाय पाहिले आणि ओळखलं.

"आमच्या घरून कोणी उपाशी गेलं नाई आजपावेतो," बाई मामांना म्हणाल्या. "पोळ्या हायेत अन् वांग्याची भाजी. तेयचा राग तेयच्यापाशी, जेवण जेवणाच्या जागी." त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि मामांशी पाण्याबद्दल काही बोलू लागल्या.

मुलगी मात्र सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "एक विचारू का जी? तुमी जे जाळता, ते रूळ असतेत का?"

"रूळ? रूळ काऊन जाळीन मी?"

"मंग लाइन कशाले म्हणता?"

साधा प्रश्न. तासाभरात तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता. मी मामांची छत्री घेतली आणि फलाटाच्या धुळीत टोकानं दोन रेघा काढल्या. इकडे साग, तिकडे साग, मधे मोकळी पट्टी, हे गवत, हा वणवा इकडून आला. ती वाकून पाहत होती. माझं चित्र पुरं व्हायच्या आत तिनं हात तोंडावर धरला. खांदे हलायला लागले.

"म्हणजे आग लागू नाई म्हून आग लावता."

"हाओ."

"अन् तुमी रेल्वेत नाईच."

"रेल्वेत? नाई जी. मी जंगलचा गार्ड."

"मंग हा कोट?"

मी कोटाकडे पाहिलं, समोरून फलाटावरून जाणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या गार्डाकडे पाहिलं, आणि चाचांचं वाक्य मला नव्यानं कळलं. तीही त्या गार्डाकडे पाहत होती. मग आम्ही दोघंही जे हसलो त्याला मामा आणि तिची आई दोघंही घाबरली. बाईंना वाटलं, हिलाही लागण झाली.

हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "तिथी वाघ हाये का?"

"हाये. पण सहसा दिसत नाई."

"मले दिसन का?"

"राह्यलं तं दिसन," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून गेल्यावर माझे कान तापले. ती वळून आईला म्हणाली, "आई, बाबाले एकडाव तिथी पाठोव. म्हणा, लाइन पाहून या, मंग नाई म्हणा."

गैरसमज फिटला म्हणून गाडी रुळावर आली असं नव्हतं, हे मामा पुढच्या बाजारात ऐकून आले. मी रूळ जाळत नाही हे मुलीच्या वडिलांना पटलं होतं. पण आता दुसरंच दुखणं होतं. "मोठ्या लाइनीचा नाई, छोट्या लाइनीचा नाई, झाडाचा गार्ड! पोरगी काय जंगलात देऊ?" तरी घरातल्या दोघींपुढे त्यांचं चाललं नाही. माघ सरत आला होता, गवत वाळून कडकडीत झालं होतं, आणि एका सकाळी ते सागाची लाकडं न्यायला आलेल्या रिकाम्या ट्रकातून माझ्या बीटावर उतरले. ड्यूटीवरून सरळ आले होते. अंगावर तोच पांढरा पोशाख, सोबत काळी लोखंडी पेटी.

"काय हाये जी यात?" मी पेटी उचलत विचारलं.

"ही? लाइन बॉक्स." ते म्हणाले, आणि म्हटल्यावर थोडे थांबले. गार्डाची झेंडी, शिट्टी, दिवा, सगळं त्यात असतं. "अन् धुक्यात रुळावर ठेवाचे फटाके."

फटाके ऐकताच मी पेटी घेऊन उलट दिशेला पळालो. ज्या दिवशी लाइन जाळायची त्या दिवशी माझ्या होणाऱ्या, किंवा न होणाऱ्या, सासऱ्यांनी फटाके घेऊन यावं! नाल्याच्या पलीकडे एका दगडावर ती पेटी नेऊन ठेवली. झेंडी आणि शिट्टी मात्र त्यांनी काढून घेतली होती. तेवढ्याशिवाय त्यांना हात रिकामे वाटत असावेत.

मग मी त्यांना लाइनीवर नेलं. दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग आणि मधून ती पट्टी, चढ चढून पार वरपर्यंत गेलेली, शेवटाला आभाळाचा एक तुकडा. ते डोळे बारीक करून पाहत राहिले. खाली बसले, एक डोळा मिटला, पुन्हा पाहिलं.

"सरळ हाये," ते म्हणाले. आल्यापासूनचं हे पहिलं चांगलं वाक्य.

"तिरपी झाली तं कोपऱ्यात गवत राहते जी. अन् आग कोपराच धुंडते."

"रुळाचं बी तसंच," ते पुटपुटले.

शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड माणसं, बाया धरून, हिरव्या डहाळ्या घेऊन जमली होती. मी दोन टोळ्या केल्या. एक खालून पेटवत जाणार, एक वरून. दोन्हीकडे कडेला डहाळ्या घेऊन माणसं, ठिणगी पलीकडे गेली की झोडायची. वारा पडलेला होता. पेटवलं. गवत इतकं वाळलेलं की आग बोलत बोलतच निघाली. अर्ध्यापर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं आणि मी, कबूल करतो, पाहुणे बघताहेत ना हे तिरक्या नजरेनं पाहत होतो. नेमका तेव्हाच वारा उठला.

धूर आडवा झाला. वरची टोळी दिसेनाशी झाली आणि तिकडे त्यांचं पेटवणं चालूच होतं. त्यांना थांबवायला हवं होतं, सगळी माणसं डाव्या कडेला आणायला हवी होती; तिथं आगीची जीभ सागाच्या पाचोळ्याला लागली होती. मी ओरडलो. माझा आवाज तसाही कोणी ऐकत नाही. त्या कडकडाटात तर मलाच ऐकू आला नाही.

इतक्यात माझ्या कानाशी शिट्टी झाली. रेल्वेच्या गार्डाची शिट्टी काय असते ते जंगलानं पहिल्यांदाच ऐकलं. माकडं गप्प झाली. वरचं पेटवणं थांबलं. पाहुणे गार्डबाबू लाइनीच्या मधोमध, दोन पाय रोवून, लाल झेंडी डोक्यावर धरून उभे होते आणि गाल फुगवून शिट्टी वाजवत होते. लाल झेंडी दिसली की माणसानं जागच्या जागी थांबायचं असतं, असा त्यांचा उभ्या जन्माचा अनुभव. इथं उलटं झालं. वरची सगळी टोळी, बायापुरुष, झेंडी पाहून धुरातून धावत त्यांच्याकडेच सुटली.

"थांबा! लाल हाये, लाल!" ते ओरडत होते. कोणी थांबेना. आणि तेच आम्हाला हवं होतं. माणसं आली, मी डावी कड दाखवली, सगळ्या डहाळ्या एकदम पडू लागल्या. गार्डबाबूंनीही झेंडी कमरेला खोचली, एक डहाळी ओढून घेतली आणि पांढऱ्या पोशाखात पाचोळा झोडायला लागले. आग दोन पावलं पुढे आली, पुन्हा मागे गेली आणि बसली. एक सागाचं झाड बुंध्याशी थोडं काळं झालं, बाकी काही नाही.

धूर निवळला तेव्हा टोळीतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिली. "कोण्या देवाची झेंडी आणली जी बाबा? मले वाटलं, जत्राच आली."

गार्डबाबूंनी तिच्याकडे पाहिलं, झेंडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडतात. त्यांच्या मिशांवर राख होती आणि पोशाखाचा रंग कोणत्याच खात्याचा राहिला नव्हता. "रेल्वेदेवाची, बाई," ते म्हणाले. "आमच्याकडे हे पाहून लोकं थांबतेत."

"थांबाचं कशाले? देव आला तं धावाचं!" म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तेच हसायला लागले.

दुपारी माझ्या कुडाच्या घरापुढे आम्ही भात आणि अंबाडीची भाजी खायला बसलो. ते घराच्या भिंतीकडे, छपराकडे, नाल्याकडे बघत जेवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "पोरगी इथी राहीन?"

बोलण्यानं माझं एकदा नुकसान झालं होतं तेवढं पुरे होतं. तरी खोटं सुचेना. "शेजार म्हणजे हा टोलाच जी. पावसाळ्यात नाला भरला का ट्रक येत नाई. मी बीटावर गेलो का ती एकटीच राहीन."

"मी बी गाडीवर गेलो का तिची माय एकटीच राहते," ते म्हणाले. मग माझ्या काळ्या झालेल्या लाइनीकडे हात करून म्हणाले, "तिनं पाहून याले सांगितलं, पाहिलं. आता ठरवाचं तिचं तिनं. मी सांगीन जसं हाये तसं. घर कच्चं हाये, लाइन पक्की हाये."

तिनं होकार दिला. कशावर दिला, घरावर, लाइनीवर की वाघावर, हे मी आजवर अनेकदा विचारलं आहे. उत्तर दर वेळी वेगळं मिळतं.

पुढे तारखेची खेचाखेच झाली. त्यांच्या अमरावतीकडच्या नातलगांना वैशाखातला मुहूर्त हवा होता. मला रजा मागायची भीती, कारण वैशाख म्हणजे वणव्याचा ऐन हंगाम. मी तोंड उघडायच्या आत माझ्या सासऱ्यांनीच त्यांना सुनावलं, "आगीच्या दिवसात गार्ड आपली लाइन सोडत नसते. ज्येष्ठात करू." नातलगांनी माना डोलावल्या. त्यांची समजूत अशी झाली की रेल्वेला कुठंतरी मोठी आग लागली आहे.

ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर बल्लारशाला रेल्वे चाळीपुढच्या मांडवात लग्न लागलं. अक्षता पडल्या, आम्ही दोघं पाटांवर बसलो, पंगतीची पानं मांडली गेली, आणि नेमकं तेव्हा अमरावतीच्या एका काकांनी मोठ्यानं विचारलं, "जावई कोण्या लाइनीवर हायेत म्हणे?"

सासऱ्यांनी वाढप्याला हातानं थांबवलं. पंगतीतून एक रिकामी पत्रावळ उचलली, तिच्यात सांडलेल्या अक्षता गोळा केल्या, मांडवाच्या मधोमध उकिडवे बसले आणि जमिनीवर तांदळानं दोन रेघा ओढायला लागले. "हा इकडून साग. हा तिकडून साग. आता पाहा, वणवा आला..." माणसं भोवती जमली. काकांनी काहीतरी शंका काढली, सासऱ्यांनी आणखी तांदूळ घेऊन नालाही काढला. वरण निवायला लागलं होतं. नाल्याची जागा साफ चुकली होती. तो खरा चढाच्या खाली, त्यांनी वर काढला. मला राहवेना. मी मुंडावळ्या सावरत उठायला लागलो.

माझ्या उपरण्याला खालून ओढ बसली. गाठ तिच्या शालूला बांधलेली होती.

"तुमी बसा जी," ती मान खाली घालूनच हळू म्हणाली. "बाबा बरोबर सांगून राह्यले. तुमी काई बोलू नका."

मी बसलो.